गार्सियावरनं मन उडालंय? ऐक की जरा

परवा टिळकवाडीत चहा पिताना तू म्हणालास की त्या स्पॅनिश गोल्फर सेर्जिओ गार्सियाचं प्रकरण वाचल्यापासून गोल्फ शिकायचं मनच होईना. माझं पण तेच झालेलं रे. 2019 ला सौदीत त्यानं रागात ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, खराब केली, गंभीर गैरवर्तन म्हणून थेट स्पर्धेतनं बाहेर काढलं. नंतर माफी मागितली त्यानं, पण मला तो आता पहिल्यासारखा आवडत नाही, आणि त्यात काय चुकीचं नाही. त्याचे आयर्न शॉट (लोखंडी क्लबनं मारलेले फटके) बघून शिक, स्वभाव घेऊ नको.

मानायचंच असलं तर जुन्या काळातल्या अमेरिकन गोल्फर बॉबी जोन्सला मान. 1925 च्या यूएस ओपनमध्ये रफमध्ये, म्हणजे कडेच्या उंच गवतात, बॉल जरासा हलला, दुसऱ्या कुणी बघितलं पण नव्हतं, तरी गड्यानं स्वतःवर एक स्ट्रोकची (एका जादा फटक्याची) पेनल्टी लावून घेतली आणि शेवटी बरोबरी होऊन प्लेऑफमध्ये, म्हणजे निकालासाठी परत खेळवलेल्या फेरीत, हरला. मला हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो बघ.

आणि ग्रीन म्हणजे काय ते समजून घे, आपल्याकडं पावसाळ्यात तर ती इतकी मऊ होते की बॉल पडला की खड्डाच, तो पिचफोर्कनं (खिशातल्या छोट्या दोन टोकांच्या काट्यानं) कडेकडेनं आत ढकलायचा, खालनं उचकटायचं नाही, मुळं तुटतात, मग पटरनं (ग्रीनवर बॉल होलकडं ढकलायच्या काठीनं) हलकं दाबायचं. पट, म्हणजे पटरचा फटका, चुकला तर पटर आपटायचा नाही, माळी लोक पहाटेपासनं राबतात तिथं. रविवारी सहाला ये, बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, रेक मारून वाळू सारखी कशी करायची ते पण दाखवतो.