ग्राहकाची ऑर्डर स्पॅममध्ये जाते, त्याचं काय करायचं

तुमची पोस्ट वाचली. तुमच्याकडे ऐंशी मेलबॉक्स, पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा सर्व्हर) आणि स्पॅमअसॅसिन (मेलला गुण देऊन स्पॅम ओळखणारा फिल्टर). कचरा फार येतो म्हणून तुम्ही मेल स्पॅम ठरवायची गुणांची मर्यादा ५ वरून ३ वर आणलीत आणि आता ग्राहकांच्या ऑर्डरी गायब होताहेत. आधी तो आकडा परत ५ करा, बाकीचं सावकाश वाचा. स्पॅमअसॅसिनच्या नियमांचे गुण मुळात ५ धरूनच जुळवलेत.

हिशेब बघा. दिवसाला ६०० खरे मेल येत असतील आणि हजारात फक्त एक चुकीचा पकडला जात असेल, तरी महिन्याला अठरा मेल गेले. स्पॅम नजरेखालून गेला तर माणूस डिलीट दाबतो. ऑर्डर गेली तर ती गेल्याचं कळतही नाही.

आमच्या कारखान्यात हे झालंय. एका नव्या गिऱ्हाइकाने फुकटच्या खात्यावरून मेल टाकला. विषय 'दरपत्रक पाठवा', आत एक ओळ आणि पीडीएफ. मराठी मजकूर बेस६४ मध्ये (मजकूर साध्या इंग्रजी अक्षर-अंकांत बदलायची पद्धत) गुंडाळून आलेला, त्याचे काही गुण, इतका त्रोटक मेल म्हणून आणखी काही. बसला क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित मेल अडवून ठेवायच्या जागेत, नऊ दिवस. ते उघडून बघायचं काम कुणाचं, हे ठरलेलंच नव्हतं (म्हणजे माझं होतं). त्या गृहस्थांना वाटलं, यांना धंदा नकोय.

तेव्हापासून आमच्याकडे मेल गुपचूप गिळायचा नाही. ५ गुणांच्या आत इनबॉक्स, ५ ते १२ जंक फोल्डर, त्यावर सरळ ५५० ('मेल घेत नाही' सांगणारा कोड) देऊन नकार, तोही समोरचा सर्व्हर जोडलेला असतानाच. खरा माणूस असेल तर त्याला परतीचा निरोप मिळतो. नकाराच्या मजकुरात आम्ही ऑफिसचा फोन नंबर टाकलाय. मेल आत घेऊन नंतर बाऊन्स (मेल पोचला नाही असा परतीचा मेल) मात्र पाठवू नका. स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो, भुर्दंड तिसऱ्यालाच.

सर्व्हरवरचा भार कमी करायचा तर स्वस्त तपासण्या आधी. पोस्टफिक्सचं पोस्टस्क्रीन, म्हणजे दारावरचा पहारेकरी, चालू करा. ते स्वागताची ओळ पूर्ण करायला सहा सेकंद लावतं. तेवढाही दम नसलेला बॉट (आपोआप स्पॅम टाकणारा प्रोग्राम) आधीच बडबडायला लागतो आणि सापडतो. मजकूर वाचायची गरजच पडत नाही.

ब्लॅकलिस्ट (स्पॅम टाकणाऱ्या पत्त्यांची यादी) वापरा, पण गुण म्हणून. एकट्या नियमाच्या हातात फाशीचा दोर द्यायचा नाही. १ जानेवारी २०१० ला स्पॅमअसॅसिनचाच एक नियम '२०१० म्हणजे फार पुढची तारीख' असं धरून चांगल्या मेलना तीनेक गुण लावत सुटला होता. आणि स्पॅमहाउसला (अशी यादी ठेवणारी संस्था) गूगलच्या ८.८.८.८ या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरमधून विचारू नका. तिथून १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर येतं, त्याचा अर्थ 'असं विचारू नका' एवढाच. पण कॉन्फिगरेशन ढिसाळ असेल तर सर्व्हर त्यालाच 'यादीत आहे' समजतो आणि सगळ्या जगाला नकार देतो. स्वतःचा डीएनएस सर्व्हर, अनबाउंड, बसवा, दहा मिनिटांचं काम.

एसपीएफ (हा सर्व्हर त्या डोमेनच्या वतीने मेल पाठवू शकतो का, ही तपासणी) नापास झालं म्हणूनही हाकलू नका. फॉरवर्ड झालेल्या मेलचं ते मोडतंच. डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, बहुतेक वेळा टिकतं.

आता बेझ, म्हणजे स्पॅमअसॅसिनचा जुन्या मेलवरून शिकणारा भाग. तुम्ही लिहिलंय की 'शिकवलं, पण फरक नाही'. माझी शंका अशी की तुम्ही एसए-लर्न (बेझला शिकवणारी कमांड) रूट, म्हणजे सर्व्हरचा मुख्य युजर, म्हणून चालवलंत. मग शिकवणी रूटच्या घरात जमा झाली आणि फिल्टर चालतो दुसऱ्याच युजरखाली, कोऱ्या पाटीने. फिल्टरच्या युजरखाली एसए-लर्नचं 'डम्प मॅजिक' करून एनहॅमचा (शिकवलेल्या चांगल्या मेलची संख्या) आकडा बघा. स्पॅम आणि चांगले, दोन्ही दोनशे-दोनशे झाल्याशिवाय बेझ तोंड उघडत नाही. लोक स्पॅम हौसेने खाऊ घालतात, चांगले मेल विसरतात. अकाउंट्सवाल्यांच्या जुन्या फोल्डरांमधले चलन, जीएसटी, डिस्पॅचचे मेल द्या. तुमच्या धंद्याची भाषा तिथेच आहे.

एवढं करून अडलं तर चुकून स्पॅम ठरलेल्या एका मेलचं एक्स-स्पॅम-स्टेटस हेडर (मेलच्या माथ्यावरची गुणांची नोंद) इथे टाका, गिऱ्हाइकाचा पत्ता झाकून. कुठल्या नियमाने किती गुण खाल्ले ते बघू.