सावळ्या माणसाला ऊन लागतच नाही का? रोज कोवळ्या उन्हात बसूनही व्हिटॅमिन डी ११ कसं आलं?

प्रश्न: मी सोलापूरचीच, रंगानं सावळी. रोज सकाळी सातला गच्चीवर बसते, तरी डी ११ आलं. सासूबाई म्हणतात, काळ्या माणसाला ऊन लागतच नाही, बसून उपयोग काय? किती वेळ बसू?

उत्तर: लागतं. सावळ्या कातडीत मेलॅनिन, म्हणजे रंग देणारं द्रव्य, जास्त. ज्या किरणांनी कातडीत डी बनतं ते उन्हातले यूव्हीबी किरण ते अडवतं. म्हणून तेवढंच डी बनायला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो, बास. बाकीचं तुमच्या सासूबाईंचं. आणि तेच वाचून हातातली मेथी ठेवून लिहायला बसले, कारण माझ्या रंगावरून असली वाक्यं मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय.

आमची थोरली जाऊ, अक्का, केतकीसारखी गोरी. चैत्रात माळवदावर कुरडया, सांडगे, पापड घालायचे म्हटलं की ती खालूनच सांगायची, "तू जा गं, तू आधीच सावळी, आणखी काय काळी पडणार?" सासूबाई हसायच्या. सोलापूरचा चैत्र तुम्हाला सांगायला नको. लोखंडी जिन्याचा कठडा धरवत नाही, आणि मी साडीचा पदर डोक्यावर घेऊन कावळे हाकतेय. अक्का बाहेर पडली तरी सनकोट, हातमोजे, वर छत्री. फार झालं तर गॅलरीत बंद काचेमागं चहा घेत बसायची, म्हणायची, "मी पण घेते की ऊन."

मग तिची हाडं ठणकायला लागली. जमिनीवरनं उठताना दोन्ही हात टेकायची. वात समजून महिनोन् महिने तेलं चोळली. शेवटी रक्त तपासलं तर डी ८, म्हणजे तुमच्या ११ पेक्षाही कमी (हे आकडे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमधले). खोटं कशाला बोलू, त्याच लॅबमध्ये मीही मुद्दाम रक्त दिलं. माझं २६. अक्का म्हणाली, नमुने बदलले असतील! डॉक्टरांनीच तिला सांगितलं की यूव्हीबी खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाही, काचेमागं बसून नुसतं गरम होतं. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

आता तुमचं. सातचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण सूर्य खाली असतो, किरण हवेच्या जाड थरातून तिरपे येतात आणि यूव्हीबी वरच अडतं. सावली बघा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड झाली की बसण्यात अर्थ. मे महिन्यात आपल्याकडे ती साडेनऊच्या सुमारासच आखूड होते, डिसेंबरात साधारण साडेअकरा ते दीड एवढाच वेळ मिळतो. पण मिळतो! सोलापूर १७ अक्षांशावर आहे, त्यामुळे बाराही महिने दुपारचं ऊन कामाचं. माझा भाचा लंडनला आहे, तिथं डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या १५ अंश वर कसाबसा येतो. म्हणून तिथली सरकारी आरोग्यसेवा आपल्यासारख्या रंगाच्या लोकांना वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, डी घ्यायचा विचार करा म्हणते. रंग नडतो तो तिथं. इथं नडतं ते छप्पर आणि सनकोट. मेलॅनिन आपल्या अंगावर आहेच मुळी या उन्हासाठी. रक्तातलं फोलेट, म्हणजे एक ब-जीवनसत्त्व, प्रखर उन्हानं नासू नये म्हणून विषुववृत्ताकडच्या माणसांची कातडी गडद राहिली, असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत आहे. हे अक्काला सांगितलं तर म्हणते, तू शिकलेली, तुझ्याशी कोण बोलणार.

हातपाय उघडे ठेवून अर्धा तास, आठवड्यातून तीन-चार दिवस. पण एप्रिल-मेमध्ये बाराला बसून ऊष्माघात ओढवून घेऊ नका, साडेनऊ-दहालाच आटपा. भाजायच्या आत उठायचं.

हां, एका घरातल्या दोन बायकांवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. मी अंडी खाते, अक्का खात नाही. पिवळ्या बलकात थोडं डी असतं. आणि ११ नुसत्या उन्हानं लवकर भरून येणार नाही. डॉक्टर बहुतेक ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी देतील. ते सांगतील तेवढ्या आठवड्यांनी थांबायचं आणि पुन्हा तपासायचं. मेडिकलमधून आपणच आणून वर्षभर घेत राहिलात तर रक्तात कॅल्शियम वाढतं, किडनीला त्रास होतो. उन्हाचं तसं नाही, जास्तीचं डी कातडीतच मोडून जातं.

सासूबाईंचं हाड कधी तपासलंय का? नसेल तर त्यांनाही वर न्या. काळं पडायची भीती घातली तर म्हणावं, तोंड झाका, दंड आणि पोटऱ्या उघड्या ठेवा. डी कुठल्याही कातडीत बनतं. आणि तुमच्याकडे थोरली जाऊ असेल, तर यंदाच्या कुरडया तिला घालायला लावा.