पाळीच्या पायथ्याला ओल आलीय, सिमेंट मारू का?

प्रश्न : आमचं चोपडा तालुक्यात कृषी पर्यटन आहे. नाल्यावर १२ फुटांची मातीची पाळ घालून तळं केलंय, पॅडल बोट चालते, रोहू-कटला सोडलेत. यंदा पाळीच्या बाहेरच्या पायथ्याला ओल दिसतेय, एप्रिलमधे पण तिथलं गवत हिरवंगार. मिस्त्री म्हणतो सिमेंट मारून बंद करून टाकू. सावलीला पाळीवर निंब लावलेत आणि मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळी बसवलीय, हे चालेल ना?
– एक वाचक

उत्तर : भाऊ, सिमेंट अजिबात नको. मातीची पाळ थोडी पाझरतेच, बाहेरून बूच मारलं की आत दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून वाट काढतं. तिथलं पाणी काचेच्या ग्लासात धरा, तासभर ठेवा. नितळ राहिलं तर ओलीवर आधी जाड वाळू, मग खडी, वर दगड असा थर टाका, पाणी निघून जातं आणि माती अडते. पण तळाला गाळ बसला तर पाळ आतून पोखरली जातेय, मग बोट बंद, पाळीखाली कोणाला थांबू देऊ नका, इंजिनिअर बोलवा आणि तळं हळूहळू उतरवा, एकदम उपसलं तर आतला ओला उतार घसरतो.

खरं सांगू का, मला ओलीपेक्षा त्या जाळीची जास्त भीती वाटतेय. सातपुड्याकडून नाला आला की काटक्या, पाचोळा, केळीची खोडं सगळं घेऊन येतो, जाळी तुंबली की पाणी पाळीवरून जाणार आणि मातीची पाळ एकदा वरून वाहायला लागली की काही तासांत कापली जाते. मासे गेले तर जाऊ द्या, पुढच्या वर्षी बीज टाका. जाळी आजच काढा.

निंब लहान असतील तर मुळासकट उपटून खड्डे माती ठोकून भरा, मोठे असतील तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय तोडू नका कारण मुळं आत कुजली की पाण्याला नळ्याच तयार. २०१९ मधे तिवरे धरण फुटल्यावर खेकड्यांवर खापर फोडलं तेव्हा सगळे हसले, पण घुशी-खेकड्यांची बिळं दिसली तर हसण्यावारी नेऊ नका, बुजवा.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १० मीटरपेक्षा कमी उंचीला लागू नाही, म्हणजे त्याखाली तुमची पाळ तपासायला कोणी येणार नाही, दर आठवड्याला तुम्हीच चक्कर मारायची. काळी माती उन्हाळ्यात तडकते, पाळीला आडव्या, म्हणजे तळ्याकडून बाहेर जाणाऱ्या भेगा पाऊस पडायच्या आत उकरून, ओली माती थराथराने ठोकून भरा आणि माथ्यावर मुरूम टाका.