जुन्या भावगीतातून गायिकेचा आवाज पूर्णपणे काढता येतो का?

आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला १९६०च्या दशकातले एक भावगीत आपल्याला गायचे आहे आणि त्यातील गायिकेचा आवाज ‘शंभर टक्के’ काढणारे सॉफ्टवेअर आपण विचारले आहे. असे सॉफ्टवेअर नाही.

स्टिरिओ ध्वनिमुद्रणाच्या डाव्या बाजूतून उजवी वजा करून मधोमध बसवलेला आवाज घालवण्याची जुनी युक्ती येथे निरुपयोगी आहे, कारण त्या काळातील बहुतेक भावगीते मोनो, म्हणजे एकाच ध्वनिमार्गावर मुद्रित केलेली, आहेत आणि दोन्ही बाजू एकसारख्या असल्या की वजाबाकीनंतर केवळ शांतता उरते. २०१९ मध्ये डीझरचे स्प्लीटर आणि फेसबुकचे डेमक्स ही गाण्याचे भाग वेगळे करणारी सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुली झाल्यापासून मोनोतूनही आवाज वेगळा करता येतो, हे खरे. परंतु अशा सॉफ्टवेअरला शिकवण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या म्यूसडीबी१८ या गाण्यांच्या संचात जेमतेम १५० गाणी, तीही बहुतांशी पाश्चात्त्य पॉप-रॉक धाटणीची आहेत आणि त्यांचे भाग चारच: गायन, ड्रम्स, बेस आणि ‘इतर’. आपली पेटी, सारंगी, बासरी या ‘इतर’मध्ये.

मी पेटी वाजवतो, म्हणून हे मला अंमळ जास्तच लागते. आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात एके वर्षी कार्यवाहांनी, सॉफ्टवेअर असताना साथीदारांचे मानधन कशाला, असे म्हणून तबलजीला आणि मला वगळले आणि मूळ गाण्यांतून ट्रॅक तयार केले. तालमीला मी मुद्दाम जाऊन बसलो. पेटी गायिकेच्या सुरासुराला चिकटून चालत असल्यामुळे सॉफ्टवेअरने तिलाही गळाच समजून पुसले होते; अंतरा सुरू झाला की ती नाहीशी होई आणि मधल्या संगीतात अचानक परत येई. लांबवलेल्या सुरांमागे मूळ गायिकेची पुसट सावली उरली होती, आणि गाणाऱ्या ताई तिच्या मींडेला (सुरावरून सुरावर घसरत जाण्याला) बिचकून दर वेळी आपली जागा गाळत होत्या. कार्यक्रमात टाळ्या पडल्या, त्यामुळे ‘कोणाच्या काही लक्षात आले नाही’ असे कार्यवाह आजही सांगतात. टाळ्या ताईंना होत्या.

शिवाय पट्टीचे काय? गायिकेचे गाणे पुरुषाच्या गळ्यासाठी चार-पाच स्वर खाली उतरवले की तबल्याची चाट (कडेवरचा टणक बोल) ओल्या पुठ्ठ्यासारखी वाजते.

अर्थात अलीकडच्या, ड्रम्स-बेसवर उभ्या असलेल्या स्टिरिओ गाण्यांत निकाल पुष्कळदा उत्तम येतो, हेही सांगायला हवे. प्रयोग करायचाच असेल तर अल्टिमेट व्होकल रिमूव्हर मोफत मिळते. त्यात १२८ केबीपीएसची, म्हणजे फार दाबून लहान केलेली, एमपी३ घालू नका, सीडीवरून घेतलेली फाइल घाला, आणि वेगळा झालेला गायनाचा भाग पूर्ण टाकून न देता अगदी हळू आवाजात परत मिसळा. त्यामुळे हरवलेली पेटी थोडी परतते आणि उरलेली गायिका आपल्या आवाजाखाली झाकली जाते. मात्र असे गाणे यूट्यूबवर टाकल्यास कॉपीराइट हक्काचा दावा येऊ शकतो.

माझे मत विचाराल तर घरगुती समारंभाला पेटी आणि तबला पुरे. पेटीवाल्याला मूळ गाणे आणि आपली पट्टी निदान आठवडाभर आधी कळवा, कारण मधल्या संगीताचे तुकडे पेटीवर बसवायला तेवढा वेळ लागतोच. कार्यवाहांना हे मी तेव्हाही सांगितले होते.