घरचा सर्व्हर कोल्हापुरात, आपण बाहेरगावी: स्वतः होस्ट केलेला मेश व्हीपीएन कोणता घ्यावा?

मेश व्हीपीएन म्हणजे आपली सगळी यंत्रं इंटरनेटवरून एकमेकांना जोडणारं खाजगी जाळं. त्यासाठी हेडस्केल घ्या, आणि त्याच्या जोडीला साध्या वायरगार्डची (दोन यंत्रांत कुलूपबंद बोगदा बांधणारा व्हीपीएन) एक चोरवाट ठेवा. एवढं वाचून कामाला लागलात तरी चालेल. का ते खाली सांगतो.

तुमचं म्हणणं असं: घर कसबा बावड्यात, नोकरी बंगळुरात. घरी जुन्या डेस्कटॉपवर इमिच (फोटो), जेलीफिन (सिनेमे) आणि होम असिस्टंट (घरातली उपकरणं) चालू आहे. इंटरनेट गल्लीतल्या केबलवाल्याचं फायबर. राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून बघितला, पण बाहेरून काही लागत नाही. आता हेडस्केल, नेटबर्ड, नेब्युला आणि झिरोटियर यांतलं काय निवडावं?

पोर्ट लागत नाही त्याचं कारण बहुतेक सीजीनॅट. राउटरच्या पानावर ‘वॅन’चा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. त्याचे पहिले दोन आकडे १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधले असतील, तर शंकाच नको. हा पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. बाहेरचा खरा पत्ता तुमच्या एकट्याचा नाही, तो बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलेला आहे. तुम्ही तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, वरच्या दाराची किल्ली केबलवाल्याकडे.

म्हणून सगळं स्वतःच्या हातात ठेवायचं तर या चौघांपैकी काहीही घेतलंत तरी बाहेर, सार्वजनिक पत्ता असलेली एक छोटी व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) लागणारच. मुंबईतल्या डेटा सेंटरमधली मिळाली तर उत्तम. एक जीबी रॅम पुरते. स्वतः होस्ट करायचं म्हणजे घरातच होस्ट करायचं असं नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा.

आता निवडीचं. लोक वेगाचे तक्ते बघत बसतात. मी एकच गोष्ट बघतो: बिघडलं तर घरी कोण आहे? माझ्या घरी, राजारामपुरीत, आई आहे. मी पुण्यात.

सुरुवातीला मी नेब्युला लावलं होतं. स्लॅकच्या लोकांनी बनवून २०१९ मध्ये खुलं केलेलं, अतिशय नेटकं काम. प्रत्येक यंत्राला आपल्याच सहीचं प्रमाणपत्र द्यायचं, बाकीच्यांना एकमेकांचे पत्ते सांगणारं ‘लाइटहाउस’ म्हणून एक यंत्र बाहेर ठेवायचं, बस्स. वर्षभर एकदाही कुरकुर नाही. मग एका सकाळी तिन्ही यंत्रं मुकी. आईला फोन करून डबा, म्हणजे घरचा सर्व्हर, बंद-चालू करायला लावला, तीनदा. शेवटी कळलं की मूळ प्रमाणपत्र बनवताना मुदत सांगितली नाही तर ती एक वर्षाची धरली जाते, आणि त्याखालची सगळी प्रमाणपत्रं त्याच्यासोबतच संपतात. नवीन प्रमाणपत्र घरच्या डब्यावर चढवायला त्याच डब्यापर्यंत पोचायला हवं, आणि तिथं जायची वाटच बंद. शनिवारी स्वारगेटहून एसटीनं सव्वादोनशे किलोमीटर गेलो आणि दहा मिनिटांत काम केलं. आई म्हणाली, “एवढ्यासाठी आलास व्हय रं?”

चूक नेब्युलाची नव्हती, माझी होती. पण एकट्या माणसानं अशी तारीख डोक्यात सांभाळणं अवघड असतं.

टेलस्केल हा त्याच नावाच्या कंपनीचा तयार मेश व्हीपीएन; हेडस्केल म्हणजे त्याच्या नियंत्रण सर्व्हरची खुली प्रतिकृती. तो त्या कंपनीचा माल नव्हे. घरच्या लोकांच्या फोनवर मात्र टेलस्केलचंच नेहमीचं ॲप चालतं, फक्त त्यात पर्यायी सर्व्हरचा पत्ता घालायचा. खाली धावतं ते वायरगार्डच. सर्व्हरची एकच फाइल, माहिती एसक्यूलाइट या साध्या डेटाबेसमध्ये. मी रोज रात्री डेटाबेस आणि नॉइजची खाजगी किल्ली (यंत्रं सर्व्हरला ओळखतात ती) या दोनच गोष्टींची प्रत काढून ठेवतो. नोडच्या, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या, यादीत मुदतीचा रकाना असतो, तो पहिल्याच दिवशी बघा. शहाणपण मला महाग पडलंय, तुम्हाला फुकट देतो.

एक मेख. हेडस्केलच्या मूळ मांडणीत रिले म्हणून, म्हणजे थेट जोडणी लागली नाही तर मधून वाहतूक पुढं द्यायला, टेलस्केल कंपनीचेच ‘डर्प’ सर्व्हर जोडलेले असतात. मजकूर तिथंही कुलूपबंदच जातो, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही. पण ‘सगळं स्वतःचं’ म्हणायचं असेल तर हेडस्केलमधला अंगचा डर्प चालू करा, बाहेरच्या यादीची ओळ काढा, आणि व्हीपीएसवर ३४७८ हा यूडीपी पोर्ट उघडा. हे न करता बरेच जण छाती फुगवून फिरतात.

दोन्ही टोकांना सीजीनॅट असलं की थेट जोडणी कधी लागते, कधी नाही. टेलस्केलच्या पिंग आज्ञेनं तपासा. उत्तरात डर्प दिसलं तर सगळी वाहतूक व्हीपीएसवरून वळसा घेतेय, मग जेलीफिनवरचा सिनेमा अडखळणारच. दोन्हीकडं आयपीव्ही६ (नवी पत्तापद्धत, तिथं पत्ते वाटून घ्यावे लागत नाहीत) असेल तर काम बरंच सोपं होतं. केबलवाल्याला विचारून बघा, कधीकधी नुसतं विचारल्यावरच चालू करून देतात.

घरचं नेटवर्क १९२.१६८.१ असेल तर ते आजच बदला. बंगळुरातल्या फ्लॅटचा राउटरही त्याच आकड्यांवर असण्याची शक्यता मोठी. पुढं घरातला प्रिंटर नाहीतर कॅमेरा सबनेट राउटरमधून (घरचं सगळं नेटवर्क मेशला जोडून देणाऱ्या यंत्रातून) बघायला गेलात की दोन्ही पत्ते एकमेकांत अडकतात. आणि ॲन्ड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो. फोनवर ऑफिसचा व्हीपीएन असेल तर ते गणित आधी मांडा.

नेटबर्ड वाईट नाही. त्याचं वेब पान देखणं आहे, आणि माणसं जास्त असतील, कुणाला काय दिसावं हे ठरवायचं असेल, तर मी तेच घेईन. पण व्यवस्थापन, सिग्नल, रिले, लॉगिन असे भाग सांभाळावे लागतात, आणि घरात वापरणारे तुम्ही चौघं. झिरोटियर थेट इथरनेटच्या पातळीवर चालतं. जुने लॅन गेम खेळायचे असतील तर घ्या.

चोरवाटेचं सांगतो. घरच्या डब्यावरून व्हीपीएसकडे साध्या वायरगार्डची एक जोडणी करा, पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (वाट उघडी ठेवणारा ठोका) २५ सेकंद, डबा सुरू होताच आपोआप लागणारी. तिच्यावरून फक्त एसएसएच, म्हणजे लांबून आज्ञा देण्याची सोय. हेडस्केलची आवृत्ती चढवताना काही फिसकटलं तर याच वाटेनं आत शिराल. व्हीपीएसच गेली तर मात्र दोन्ही गेलं, म्हणून तिचे पैसे वेळेवर भरा.

बायोसमध्ये ‘लाईट आल्यावर आपोआप सुरू’ ही सोय चालू करा, राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर घ्या. आणि सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी बावड्यात कुठवर आलं होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.