बायबलमधल्या दहा आज्ञा पाळल्या की तारण (पापातून सुटका) मिळतं ना? मग देवाची कृपा कशाला?

नाही, आज्ञा पाळून तारण मिळत नाही. ख्रिस्ताचा प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांस पत्रात (३:२०) लिहितो की नियमशास्त्राने, म्हणजे देवाने दिलेल्या आज्ञांनी, पापाची जाणीव होते. आमच्या यवतमाळकडे वेचणीनंतर संध्याकाळी बाया कापसाचं गाठोडं काट्यावर ठेवतात. कमी किती भरलं ते काटा सांगतो, पण भर घालत नाही. नियमशास्त्र तसंच.

भर घालते ती कृपा, ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या (क्रुसावरच्या) मरणामुळे. पौलाचंच इफिसकरांस पत्र २:८-९ वाचाच: तारण कृपेने, विश्वासाद्वारे होतं, कर्मांनी नाही.

आणि विश्वास? उन्हातून आल्यावर आई गडव्याने पाणी ओतते, आपण ओंजळ धरतो. ओंजळीने पाणी कमावलं असं कोणी म्हणतं का? विश्वास म्हणजे ती ओंजळ. माझ्या मते लोक इथंच अडतात, विश्वासालाही पुण्यकर्म समजतात.

सत्कर्मं हवीतच (याकोब २:१७), पण तारण मिळाल्याच्या आनंदातून.