प्रार्थना करूनही काहीच बदलत नाही, तेव्हा देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. काम सुटलंय, आईचं डायलिसिस चालू आहे, इतके महिने प्रार्थना करताय पण फरक शून्य, आणि वर मंडळीतलेच, म्हणजे आपल्याच चर्चमधले लोक सांगतात की तुमचा विश्वास कमी पडतोय म्हणून असं होतंय. शेवटी विचारलंय की आता कुठंतरी नवस बोलू का. मी पाळक नाही की बायबल शिकलेली नाही, साधी गृहिणी आहे, माहेर अहमदनगरकडचं, लग्न होऊन गोव्यात कुडचड्याला आले आणि इथलीच झाले. घरात आधीपासून ख्रिस्ती वातावरण, त्यामुळे जे वाचलंय आणि जे अंगावरून गेलंय तेवढंच सांगते.

पहिलं म्हणजे ते 'विश्वास कमी पडतोय' डोक्यातून काढून टाका. हे बोलणारे लोक वाईट नसतात पण हे बोलणं वाईट आहे, आणि बायबलमध्येच ते वाईट ठरवलंय. ईयोबाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. त्याचं सगळं गेलं, मुलं गेली, अंगभर फोड आले, आणि तीन मित्र भेटायला आले ते सात दिवस सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसून राहिले, तोवर सगळं बरोबर होतं. नंतर त्यांनी तोंडं उघडली आणि एकच पालुपद लावलं की तूच काहीतरी पाप केलं असशील, त्याशिवाय का असं होतं. ईयोब मात्र देवालाच जाब विचारत राहिला, अगदी कडक शब्दांत. शेवटी देव ईयोबालाही चार गोष्टी सुनावतो हे खरं, पण राग धरतो तो मित्रांवर, आणि म्हणतो की माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोब, तुम्ही नाही. तसंच जन्मापासून आंधळ्या माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं, तर येशू म्हणाला दोघांचंही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली तेव्हाही तो हेच विचारतो की ती माणसं काय यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती का. त्यामुळे आईच्या किडन्या तुमच्या विश्वासाच्या टक्केवारीवर चालत नाहीत, हे मी छातीठोकपणे सांगते.

दुसरं, तुम्ही लिहिलंय की हल्ली प्रार्थनेला बसलं की नुसता राग येतो आणि मग अपराधी वाटतं. अहो मग तो रागच बोला ना त्याच्यासमोर. स्तोत्रसंहिता उघडून बघा, १५० स्तोत्रांमध्ये कितीतरी नुसती गाऱ्हाणी आहेत, तेरावं स्तोत्र सुरूच होतं ते देवाला 'कुठवर' असं विचारत, आणि अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटी दिलासा वगैरे काही नाही. ते कुणी काढून टाकलं नाही, पवित्र शास्त्रातच ठेवलंय. वधस्तंभावर येशू ओरडला ते 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हेसुद्धा बाविसाव्या स्तोत्रातलंच. माझं स्पष्ट मत आहे की ज्याचा विश्वास संपलाय तो तक्रार करत नाही, तो बोलणंच बंद करतो. तुम्ही रागावून का होईना त्याच्याशीच बोलताय, म्हणजे नातं तुटलेलं नाही.

आता आमच्या घरचं सांगते, कारण तुम्ही विचारलंय की असं कुणाच्या बाबतीत झालंय का. मिस्टरांचा टिप्पर होता, खाणीवरचा माल वाहायचा, कर्ज काढून घेतलेला. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मध्ये थोडं सुरू झालं म्हणेपर्यंत २०१८ च्या मार्चपासून परत सगळं ठप्प, सुप्रीम कोर्टानं ८८ लीजा रद्द केल्या. आमच्या भागात ज्याच्या दारात बघावं त्याच्या दारात ट्रक उभा. आमचा अंगणाच्या कडेला उभा होता, हौद्यात राहिलेल्या मातीत पहिल्या पावसाबरोबर गवत उगवलं, टायर खाली बसले, आणि हप्ता मात्र दर महिन्याला हजर. आम्ही रोज संध्याकाळी प्रार्थना करायचो की प्रभू खाणी सुरू कर. झाल्या नाहीत. ट्रक पडेल भावात विकला आणि मिस्टर आज दुसऱ्याची गाडी चालवतात.

त्यातच धाकट्या दिरांना आजार निघाला. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला आमच्या फेऱ्या सुरू झाल्या, नगरच्या मंडळीपासून इथल्या घरगुती उपासनेपर्यंत सगळे प्रार्थना करत होते, उपास केले, पण दीर गेले. त्या दिवसांत माझं प्रार्थना करणं पूर्ण थांबलं होतं. बायबल उघडायचे आणि अक्षरं नुसती बघत बसायचे. शेजारी कॅथलिक आंटी राहतात, त्या सकाळी पेजेचा डबा आणि वाटीत मिसकुट, म्हणजे आंब्याचं लोणचं, घेऊन यायच्या, डबा ठेवायच्या, काल ठेवलेला रिकामा उचलायच्या, उपदेशाचा एक शब्द नाही. एकदा मीच म्हटलं की आंटी माझ्याच्यानं आता प्रार्थना होत नाही. त्या म्हणाल्या, 'तुका मागूंक जायना जाल्यार रावूं दी, हांव मागतां.' तुला मागायला जमत नसेल तर राहू दे, मी मागते. आणि खरंच संध्याकाळी त्यांच्याकडं तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू झाली की भिंतीपलीकडून माझं नाव ऐकू यायचं.

हे ऐकल्यावर मला मार्कच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय खऱ्या अर्थानं कळला. कफर्णहूमात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण बाजेवर उचलून आणतात, गर्दीमुळं दारातून जाता येत नाही म्हणून छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात. तिथं लिहिलंय की येशूनं 'त्यांचा' विश्वास बघितला. म्हणजे उचलून आणणाऱ्यांचा. बाजेवर पडलेला माणूस तोवर एक शब्दही बोललेला नाही, त्याचा विश्वास होता की नव्हता कुणाला ठाऊक, पण त्याला कुणी परत पाठवलं नाही. तुम्ही सध्या त्या बाजेवर आहात असं समजा. भरवसा ठेवणं म्हणजे दरवेळी स्वतःच्या पायांवर ताठ उभं राहणं असं नसतं, कधी कधी नुसतं उचलू द्यायचं असतं. मंडळी यासाठीच असते, तुमची टक्केवारी काढायला नसते. जे असले शेरे मारतात त्यांच्यापासून थोडे दिवस लांब राहा आणि दोन-तीन माणसं अशी शोधा ज्यांना 'मला जमत नाहीये, तुम्ही करा' एवढं सांगता येईल. ती तुमच्याच चर्चची पाहिजेत असंही नाही.

आणि एक, तो यिर्मया २९:११ चा मेसेज तुम्हालाही रोज कुणीतरी पाठवत असणार, देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत वगैरे. वचन खरंच आहे, मलाही आवडतं, पण त्याच्या एक ओळ वर काय आहे ते कुणी फॉरवर्ड करत नाही. ते यिर्मया संदेष्ट्याचं पत्र आहे, बाबेलला कैद करून नेलेल्या यहुद्यांना लिहिलेलं, आणि वरच्या ओळीत सांगितलंय की ७० वर्षं लागतील. तोवर काय करायचं? तर घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या शहरात अडकलाय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. मला हे फार धीराचं वाटतं कारण यात खोटं आश्वासन नाही आणि हातावर हात धरून बसायलाही सांगितलेलं नाही. तुमच्या 'नेमकं काय करायचं' याचं उत्तर मला तरी इथं सापडतं.

म्हणून साध्या गोष्टी. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड काढलंय का, चालू आहे का, बघून घ्या. छोटं-मोठं काम मिळालं तर घ्या, आपल्या शिक्षणाला शोभत नाही म्हणून सोडू नका. आईची औषधं किंवा डायलिसिस कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका, कितीही मोठा प्रार्थना करणारा असला तरी, आणि बरं करतो म्हणून पैसे मागणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. स्वतःचं खाणं आणि झोप बघा. एलीया एवढा मोठा संदेष्टा, पण जीव नकोसा होऊन रानात झुडुपाखाली पडला आणि मरण मागायला लागला तेव्हा देवदूतानं आधी त्याला भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, उठवून परत खायला घातलं. देवाशी बोलणं नंतर झालं. तुम्हालाही जर असं नकोसं वाटण्यापर्यंत आलं असेल, आणि तुमच्या शेवटच्या दोन ओळींवरून मला तशी काळजी वाटली, तर १४४१६ वर फोन करा, टेलीमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे. डॉक्टरकडं जाणं म्हणजे देवावर अविश्वास असं अजिबात नाही.

पंडिता रमाबाईंबद्दल थोडं वाचा, वेळ मिळाला तर. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, नंतर भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच १८८२ ला नवरा गेला, आणि म्हातारपणी १९२१ ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तोपर्यंत दौंडजवळच्या केडगावला त्यांनी मुक्ती मिशनमध्ये कितीतरी अनाथ मुली आणि विधवा सांभाळल्या होत्या, आणि मुलीच्या मागोमाग वर्षभरात, १९२२ च्या एप्रिलमध्ये, त्या स्वतः गेल्या तोवर बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी पूर्ण करत आणलं होतं. त्यांना संकटातून सोडवलं गेलं असं मी म्हणणार नाही. पण त्या देवाला सोडून गेल्या नाहीत, आणि मराठी ख्रिस्ती बाईला यापेक्षा जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

आता नवसाचं. बांबोळीला हायवेला लागून फुलांचो खुरीस, म्हणजे फुलांचा क्रूस आहे, तुम्ही आईला घेऊन त्या बाजूला जात असाल तर बघितलाच असेल. तिथं सगळ्या धर्मांची माणसं मेणबत्ती लावतात, मी एका बाईला बघितलंय, कपाळाला कुंकू, काखेत हॉस्पिटलची फाइल, वाऱ्यानं मेणबत्ती विझत होती तर फाइलचाच आडोसा करून परत परत पेटवत होती. तिला मी कधी नावं ठेवणार नाही. तुम्हालाही तिथं जाऊन दोन मिनिटं उभं राहावंसं वाटलं तर जरूर राहा. पण 'तू हे दे मग मी ते करीन' असा सौदा मात्र करू नका, कारण आईचं काही कमीजास्त झालं तर तुम्ही आयुष्यभर हिशोब करत बसाल की आपण द्यायचं ते कमी पडलं का. दानिएलाच्या पुस्तकात राजाच्या मूर्तीला नमत नाहीत म्हणून तिघांना भट्टीत टाकायला निघाले होते तेव्हा ते राजाला म्हणाले, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही जरी सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. 'नाही जरी सोडवलं तरी' हे म्हणायला मला आजही जड जातं. मी त्याच्याऐवजी मार्कच्या नवव्या अध्यायातल्या त्या आजारी मुलाच्या बापाचं वाक्य म्हणते, 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.' एवढीच प्रार्थना केली तरी त्या बापाचं काम झालं होतं.

शेवटचं म्हणजे तुम्ही आईसाठी इतकं मागताय, तर एकदा आईलाच विचारा की तिला काय मागायचंय. डायलिसिसला चार-चार तास लागतात, तेव्हा निवांत विचारता येईल. माझ्या दिरांनी शेवटी शेवटी स्वतःच्या दुखण्यासाठी काही सांगितलं नाही, मुलीची दहावी होती तर म्हणाले तिच्या पेपरांसाठी प्रार्थना करा. आई काय म्हणते ते इथं खाली लिहा, नाव-गाव नको, आमची घरगुती उपासना शुक्रवारी असते त्यात घेऊ, आणि शेजारच्या आंटींनाही सांगते.